अकॉर्डियनचं म्युझेट: कारागिराला नुसतं ‘२० सेंट’ सांगू नका

माझं वाद्य ४१ पट्ट्यांचं, १२० बासचं. उजव्या हाताला रीडच्या चार ओळी: एक खर्जाची, तीन मधल्या सप्तकाच्या. या तीन ओळींचं म्युझेट लावून घेताना माझं जिथे अडलं, तेच इथे मुख्यतः लिहितो. रीडच्या प्लेटा धरून ठेवणारं मेण, रीडवरच्या चामड्या, भात्याची गळती ही कामं आठवड्यात झाली. ती सूर लावायच्या आधीच उरकून घ्या, एवढंच सांगतो. चामडी वाकडी असेल किंवा मेणाला भेग गेली असेल, तर रीडचा सूर स्थिर राहत नाही आणि कारागीर नसलेली चूक घासत बसतो.

म्युझेट म्हणजे या तिघींतली मधली ओळ बरोबर सुरात, दुसरी किंचित चढी, तिसरी किंचित उतरलेली. तिन्ही एकदम वाजल्या की सूर डोलतो. चढी किती चढी आणि उतरलेली किती उतरलेली, ही झाली म्युझेटची रुंदी. ती सेंटमध्ये मोजतात. एका अर्ध्या सुरात १०० सेंट.

कारागिरानं विचारलं, ‘किती सेंट?’ मी म्हणालो, २०. माझ्या मनात उतरलेल्या ओळीपासून चढ्या ओळीपर्यंतचं एकूण अंतर होतं. त्यांनी मधल्या ओळीपासून दोन्ही बाजूंना २०-२० धरले, म्हणजे एकूण ४०. शिवाय हे २० खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सरसकट लावले. या दोन वेगळ्या चुका आहेत, आणि दुसरी जास्त वाईट. आणखी एक प्रश्न विचारला असता, किंवा मी आणखी एक वाक्य बोललो असतो, तर दोन ओळींच्या मिळून १६४ जिभा पुन्हा घासाव्या लागल्या नसत्या. (जीभ म्हणजे रीडची थरथरणारी पोलादी पात. प्रत्येक ओळीत एका पट्टीला दोन जिभा असतात, भाता उघडतानाची एक आणि मिटतानाची एक.) त्याची चीड अजून गेलेली नाही.

सरसकट सेंट का चालत नाहीत? कानाला सेंट ऐकू येत नाहीत, सेकंदाला पडणारे डोल ऐकू येतात. डोल म्हणजे दोन रीडच्या हर्ट्झमधला, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांमधला फरक. ४४० हर्ट्झच्या ए ला, म्हणजे आपल्या मध्य सप्तकातल्या पांढरी सहाला, २० सेंट म्हणजे सेकंदाला साधारण ५ डोल. एक सप्तक खाली तेच २० सेंट अडीच डोल देतात. एक सप्तक वर १० होतात, आणि सगळ्यात वरच्या १७६० हर्ट्झच्या ए ला २०. माझ्या वाद्यात चढी आणि उतरलेली ओळ आपसात भिडून तिथे ४० डोल पडत होते. त्याला डोल म्हणताच येत नाही, ती खरखर असते. खाली सूर छान हेलकावे घ्यायचा आणि वर जाता जाता शिट्टी फाटल्यासारखा व्हायचा.

याच्या उलट, सगळीकडे सारखेच डोल ठेवले तर खालच्या पट्ट्या सरळ बेसूर लागतात. सेकंदाला ५ डोल सगळ्यात खालच्या एफ ला, १७४.६ हर्ट्झला लावले, तर ते जवळजवळ ५० सेंट होतात, म्हणजे पाव सूर. म्हणून मधला मार्ग घ्यावा लागतो: वर जाताना डोल हळूहळू वाढू द्यायचे आणि सेंट कमी करत न्यायचे. मी शेवटी कागदावर सेंट लिहिलेच नाहीत, सरळ हर्ट्झ लिहून दिले. उतरलेली, मधली, चढी या क्रमाने:

एफ: १७३.३, १७४.६, १७६.२
ए: २१८.५, २२०, २२१.९
ए: ४३७.८, ४४०, ४४२.८
ए: ८७६.९, ८८०, ८८३.९
वरचा ए: १७५६, १७६०, १७६५

मधल्या पट्ट्यांचे आकडे यांच्यामध्ये सरळ चढत न्यायचे. चढी ओळ खाली १६ सेंटांच्या आसपास सुरू होते, ४४० ला ११ आणि टोकाला ५ वर येते. ४४० ला एकूण अंतर २० सेंटांच्या जवळ पडतं, म्हणजे मला मुळात जे हवं होतं तेच. उतरलेली ओळ मी चढीच्या ८० टक्के ठेवली. दोन्ही बाजूंचे डोल थोडे वेगळे असले की सूर यंत्रासारखा एकाच ठेक्यात न हलता सावकाश श्वास घेतल्यासारखा वाटतो. हे माझं मत, पण त्यावर मी ठाम आहे.

ट्रेमोलोचे, म्हणजे दोनच ओळींच्या डोलाचे आकडे तीन ओळींच्या वाद्याला लावू नका. दोन ओळींत चढी रीड फक्त मधलीशी भिडते, तिथे ४४० ला १४-१५ सेंट सुखाचे वाटतात. तीन ओळींत तिसरा डोल बाहेरच्या दोन रीडमध्ये पडतो, म्हणून प्रत्येक बाजू अरुंद हवी. आणखी एक: फक्त मधली आणि चढी वाजवली की कानाला सूर दोघींच्या मधोमध, म्हणजे चढा वाटतो. सोबत कीबोर्ड असेल तर गाणाऱ्याला ते लगेच टोचतं. उतरलेली ओळ जोडली की तोल परत येतो. युरोपातून आलेली बरीच वाद्यं ४४२ वर लावलेली असतात; मधली ओळ ४४० वर हवी असेल तर तेही आधी सांगा.

रुंदी कशावरून ठरवायची? काय वाजवणार त्यावरून. पॅरिसच्या बाल-म्युझेट या नाचाच्या संगीताचा तो ओळखीचा रुंद आवाज एकल सुरावटीला शोभतो, पण त्याच वाद्यावर भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकदम अनेक सूर, धरले की चिखल होतो. जॅझवाले जवळजवळ कोरडं, बिनडोलाचं ट्यूनिंग पसंत करतात. हिंदी-मराठी गाण्यांत सुरावट आणि कॉर्ड दोन्ही लागतात, म्हणून मी मधल्या रुंदीवर आलो. अकॉर्डियनवादक एनॉक डॅनियल्स यांचं वादन असो की फ्रेंच वॉल्ट्झ, आवडत्या ध्वनिमुद्रणातला एक लांब धरलेला सूर शोधा, दोन सेकंदांत किती डोल पडतात ते मोजा, आणि तो सूर कोणता हेही लिहून ठेवा. सुराच्या नावाशिवाय त्या मोजणीचा उपयोग नाही.

आधीच सांगायला हवं होतं ते आता सांगतो: अरुंदापासून सुरुवात करा. जीभ टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी, रिव्हेटजवळ घासली की उतरतो. दोन्हीकडे पोलादच कमी होतं आणि ते परत येत नाही. माझ्या चढ्या ओळीला परत आणताना मुळाशी घासावं लागलं, तिथे जीभ कमकुवत होते. वरच्या सप्तकातल्या जिभा इतक्या छोट्या, की एका हलक्या ओरखड्यात काही सेंट सरकतात. घासताना जिभेखाली पातळ पत्र्याची पट्टी हवी, आणि ओरखडे लांबीच्या दिशेनेच. आडव्या ओरखड्यावर जीभ पुढे तुटते.

पहिल्यांदा फक्त ४४० पासून वरच्या पाच-सहा पट्ट्या लावून घ्या, वाजवून बघा, मगच बाकीच्या घासायला द्या.

मोजताना भात्याचा दाब सारखा ठेवा. जोरात दाबलं की रीड उतरते, खालच्या जास्त. टेबलावर मोजलेला सूर रीड वाद्यात बसवल्यावर काही सेंट बदलतो, म्हणून शेवटचं माप वाद्य पूर्ण जोडून, एकेक ओळ वेगळी वाजवूनच घ्यायचं. घासल्यावर जीभ गरम झालेली असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. मुंबई-कोकणच्या खारट दमट हवेत पोलादाला गंज चढतो आणि सूर विस्कटतात, तेव्हा वाद्य खोक्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. उन्हात गाडीत तर मुळीच नको, मेण मऊ होऊन रीडच्या प्लेटा सरकतात.

वाद्य ताब्यात घेताना प्रत्येक पट्टी भाता उघडताना आणि मिटताना, दोन्हीकडे लांब धरून वाजवा. दोन्हीकडचे डोल सारखे नसतील तर भाता फिरवला की सूर अडखळल्यासारखा होतो. ती पट्टी खडूनं खूण करून तिथेच परत द्या. माझ्या वाद्यात अशा नऊ निघाल्या.