आबांची डायरी आणि दहापैकी सहा मार्क

मी पुलाची शिरोलीजवळ एका शोरूमच्या वर्कशॉपला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे, सात वर्षं झाली. कंपनी कुठली ते लिहीत नाही. गोष्ट मे महिन्यातली आहे. सकाळी साडेनऊला मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं आणि एक प्रिंटआऊट पुढं टाकला. एका कस्टमरनं कंपनीच्या फीडबॅक कॉलला दहापैकी सहा दिलेले. आमच्याकडं सहा म्हणजे नापासच, नऊ पण चालत नाहीत. डिलिव्हरी देताना पेढ्याचा बॉक्स हातात देत प्रत्येकाला सांगितलेलं असतं की साहेब कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा द्या हां, आमच्या इन्सेंटिव्हचा प्रश्न आहे. आणि लोक देतात, कोल्हापूरची माणसं दिलदार, पोराचं नुकसान नको म्हणून देतात.

हा कस्टमर म्हणजे कागलकडचे एक आबा, सत्तरीच्या आसपास, ऊस शेती, आयुष्यात पहिल्यांदा नवी कोरी गाडी घेतलेली. योगायोगानं त्याच दिवशी त्यांची पहिली फ्री सर्व्हिस. मॅनेजर म्हणले, बसव त्यांना, चहा दे, आणि पुढच्या कॉलला दहा द्यायला सांग.

आबा आले, धोतर, टोपी, काखेत साखर कारखान्याची डायरी. मी जॉब कार्ड उघडलं आणि नेहमीसारखं विचारलं, काय तक्रार आबा? तर ते म्हणले, "तक्रार न्हाई बाळा, नोंदी हाईत." डायरीत तारीख, किलोमीटर आणि काय झालं ते, चाळीस दिवसांच्या नऊ नोंदी. सात वर्षांत असला कस्टमर मी बघितला नव्हता. बाकीचे येतात आणि म्हणतात "कायतरी आवाज येतोय बघा", कुठनं, कधी, किती स्पीडला, काही सांगता येत नाही.

पहिली नोंद: दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी आपोआप बंद पडली, क्लच दाबला की परत चालू. दुसरी: किणी टोलनाक्याच्या पुढं ट्रकला ओव्हरटेक करताना स्टेअरिंग कुणीतरी धरून मागं ओढल्यासारखं झालं, काकू घाबरल्या, परत हायवेला नको म्हणल्या. मग नातवाचा फोन गाडीला जोडत नाही, तीनदा. एसीचा पंखा कमी करायचा तर स्क्रीनमध्ये शिरावं लागतं आणि तोवर रस्त्यावरची नजर हटते (हे त्यांनी दोनदा अधोरेखित केलेलं). मागचं डावं दार जोरात आपटावं लागतं. असं करत करत नववी, काकूंच्या पायाखालची चटई ओली.

मी यादी घेऊन आत गेलो. मॅनेजरनी वाचली आणि म्हणले, यातल्या सहा तर डिफेक्टच नव्हेत, सिग्नलला बंद पडते ती पेट्रोल वाचवायला दिलेली सिस्टीम, स्टेअरिंग ओढतंय ते लेन असिस्ट (गाडी लेनबाहेर जायला लागली की परत आत ओढणारी सिस्टीम), म्हाताऱ्याला कळलं नाही एवढंच. इथं मला राहवलं नाही, कारण नव्या गाड्यांच्या क्वालिटीचे सर्व्हे मी बरीच वर्षं आवडीनं वाचतो आणि मला वाटतं आपल्या धंद्यातली माणसं ते चुकीचं वाचतात.

अमेरिकेत जे. डी. पॉवर नावाच्या सर्व्हे कंपनीचा इनिशियल क्वालिटी सर्व्हे १९८७ पासून चालतो. नवी गाडी घेतलेल्याला पहिल्या ९० दिवसांत काय काय त्रास झाला ते विचारतात आणि १०० गाड्यांमागं किती प्रॉब्लेम असा आकडा काढतात, कमी तितकं चांगलं. त्यात इंजिन बंद पडलं तर एक प्रॉब्लेम आणि फोन जोडला गेला नाही तरी एकच. मालकाला त्रास झाला ना, मग तो मोजायचा. २०११ मध्ये फोर्ड त्या यादीत पाचव्या नंबरावरून एकदम तेविसाव्यावर गेली, त्यात मोठा वाटा नव्या टचस्क्रीनचा होता, लोकांना ती वापरायलाच जमेना. २०२० मध्ये एकूण तक्रारींतल्या जवळपास पाव तक्रारी स्क्रीन, ब्लूटूथ, व्हॉइस कमांड असल्याच गोष्टींच्या होत्या. त्याच वर्षी डॉज आणि किया १३६ आकड्यावर पहिल्या आल्या आणि टेस्लाचा पहिल्यांदाच आकडा निघाला, २५०, त्यात रंगकाम, पत्र्यांच्या जोडातल्या फटी असल्या तक्रारी होत्या. म्हणजे जगाला वेड लावणारी गाडी खाली आणि वर्षानुवर्षं तेच मॉडेल घासूनपुसून बनवणारी डॉज वर. भारी फीचरच्या महागड्या ब्रँडचा आकडा साध्या ब्रँडपेक्षा खराब निघाला तो पण याच सर्व्हेत. यावरून डॉज लेक्ससपेक्षा (टोयोटाचा महागडा ब्रँड) टिकाऊ असं ठरत नाही, टिकाऊपणाचा सर्व्हे वेगळा, तो तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांचा, आणि तिथं लेक्सस वर्षानुवर्षं पुढं असते. पण पहिल्या तीन महिन्यांत माणसाचं आणि गाडीचं जमलं का नाही ते इथं कळतं. २०२३ ला सगळ्या इंडस्ट्रीची सरासरी १९२ होती, म्हणजे एका गाडीमागं जवळजवळ दोन. आबांच्या एका गाडीत नऊ. भारतात पण हा सर्व्हे १९९७ ला सुरू झालेला, इथं दोन ते सहा महिने गाडी वापरलेल्यांना विचारायचे.

मॅनेजर ऐकून घेतात, चांगला माणूस आहे. म्हणले, ते राहू दे, आधी ती चटई बघ.

चटईचं सगळ्यांनी एकच सांगितलं, पाण्याची बाटली सांडली असणार. पण डायरीत स्पष्ट लिहिलेलं, "पाऊस नाही. बाटली मागे होती. एसी लावून गारगोटीपर्यंत गेलो की ओली, एसी बंद ठेवून गेलो की कोरडी." एवढं त्यांनी स्वतः करून बघितलेलं! गाडी लिफ्टवर घेतली, एसी चालू ठेवून वीस मिनिटं थांबलो. त्या उकाड्यात खाली पाण्याचा थेंब नाही. एसीच्या कूलिंग कॉइलवर जमलेलं पाणी ज्या रबरी नळीतनं बाहेर पडतं ती नळी आतल्या बाजूला नीट बसलेलीच नव्हती, पाणी सगळं कारपेटखाली. फोम उचलला तर कुबट वास, आणि जवळच वायरिंगचे कनेक्टर. अजून दोन-तीन महिने असंच गेलं असतं तर ते गंजले असते आणि मग डॅशबोर्डवर कसकसल्या वॉर्निंग लाइट लागल्या असत्या, कुणाला कारण सापडलं नसतं.

माझे वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत इन्स्पेक्शनला होते. ते सांगायचे, एका कास्टिंगला ब्लो होल (आत राहिलेलं हवेचं भोक) निघालं की ते एक बाजूला ठेवून भागत नाही, त्या हीटचा, म्हणजे एकदम वितळवून ओतलेला, सगळा माल बाजूला काढायचा. तेच डोक्यात आलं. यार्डात त्याच मॉडेलच्या अकरा गाड्या उभ्या होत्या. दुपारी जेवण सोडून मी आणि एक टेक्निशियन एकेक तपासत गेलो, दोघांचे शर्ट घामानं पिळून काढावेत असे झाले. दोन गाड्यांची नळी तशीच निघाली. पीडीआयला, म्हणजे डिलिव्हरीआधीच्या तपासणीला, आपण एसी गार होतोय का तेवढंच बघतो, पाणी बाहेर पडतंय का हे कोण बघतो?

मग गेल्या दीड महिन्यात दिलेल्या गाड्यांना फोन लावले. राजारामपुरीतल्या एक मॅडम म्हणाल्या, व्हय वो, वास येतो, मला वाटलं पोरानं दूध सांडलं. इचलकरंजीच्या एकांनी तर परफ्यूम आणून लावलेला. दोघांचेही फीडबॅक मी सिस्टीमवर उघडून बघितले, दोघांनी दहापैकी दहा दिलेले. मला खरंच कसंतरी झालं. आम्हीच हात जोडून मागून घेतलेले दहा होते ते, आणि त्या दहाखाली पाणी साचत होतं. कंपनीला वर आमच्याकडनं काय कळणार? सगळं उत्तम.

संध्याकाळी आबांबरोबर गाडीत बसलो, पाऊण तास. सिग्नलला इंजिन बंद होऊ नये म्हणून बटण कुठलं, इंडिकेटर न देता लेन बदलली की स्टेअरिंग का ओढतं, नातवाच्या फोनमधलं जुनं पेअरिंग काढून नवं कसं करायचं. मागच्या दाराचं लॉक अ‍ॅडजस्ट केलं. एसीच्या पंख्याचं मात्र मी काही करू शकत नव्हतो, बटणच नाही दिलेलं, ते तसंच लिहून वर पाठवलं. हे सगळं डिलिव्हरीच्या दिवशी सांगायचं काम होतं, पण त्या दिवशी पाडव्याची गर्दी, एका तासात सहा गाड्या, हार घाला, फोटो काढा, चला पुढचा.

जाताना आबांनी विचारलं, "परत फोन आला तर किती सांगू? तुझं काय नुकसान हुईत न्हाई न्हवं?"

मी म्हणलं, आबा, जे वाटतंय तेच सांगा. आणि डायरीच्या त्या दोन पानांची झेरॉक्स मागितली, जॉब कार्डाला जोडली, नळीच्या फोटोंसकट वॉरंटी क्लेमला पाठवली. आमच्या पीडीआयच्या चेकलिस्टमध्ये आता पेनानं एक ओळ वाढवलीय: एसी २० मि. चालू, पाणी खाली पडते का. दुसऱ्या सर्व्हिसला आबा आले तेव्हा चारच नोंदी होत्या. एसीचा पंखा त्यात होताच, परत अधोरेखित केलेला.