रंगाचा रकाना

पोर्तुगीज मी पणजीत शिकले, पण पोट भरतं ते औषधांच्या माहितीपत्रकांवर. त्यामुळे २०२३ मध्ये ब्राझीलमधल्या एका आईचं निवेदन इंग्रजीत करायला आलं तेव्हा आधी शब्द मोजले, मग हो म्हटलं.

निवेदन जाणार होतं संयुक्त राष्ट्रांच्या तीन तज्ज्ञांकडे. अमेरिकेत पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर मानवी हक्क परिषदेने २०२१ मध्ये ही यंत्रणा उभी केली. आफ्रिकी वंशाच्या लोकांशी पोलीस आणि न्यायव्यवस्था कशी वागते ते तिनं पाहायचं. वर्षअखेरीला ती ब्राझीलला जाणार होती. आफ्रिकेबाहेर आफ्रिकी वंशाचे सर्वात जास्त लोक ब्राझीलमध्ये, पण संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत पोर्तुगीज नाही. म्हणजे तिथल्या आईचं म्हणणं जिनिव्हाला पोचायचं तर मध्ये माझ्यासारखं कुणीतरी, शब्दामागे पैसे घेणारं. यात कुणाला काही खटकतही नाही.

तिच्या मुलाच्या मृत्यूबद्दलचा पोलिसांचा २०१४ चा कागद सोपा गेला. वर लिहिलेलं 'आउतू दे रेझिस्तेंसिया', म्हणजे प्रतिकाराची नोंद: त्यानं गोळी झाडली, आम्हीही झाडली, तो मेला. २०१६ मध्ये हा शब्द तिथल्या पोलिसांनी कागदांतून काढला. मुंबईत वाढलेल्या माणसाला त्यासाठी शब्दकोश उघडावा लागत नाही. पंचाईत एवढीच, की इंग्रजीत 'एन्काउंटर' लिहावं तर तिकडच्या वाचकाला ती नुसती गाठभेट वाटेल.

गाडी अडली रंगाच्या रकान्यात. मुलाच्या शाळेच्या अर्जावर 'पार्दा' आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'प्रेता'. मराठी कानाला हा दुसरा शब्द कसा लागतो ते सांगायला नको. (मुलगा असून शब्द स्त्रीलिंगी, कारण 'रंग' पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी. नवशिके इथे हमखास चुकतात.) प्रेता म्हणजे काळा, पार्दा म्हणजे मिश्र, मधला. जनगणनेतल्या पाच पर्यायांपैकी हे दोन. २०२२ ला ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला पार्दा म्हटलं, १०.२ टक्क्यांनी प्रेता. २०१० च्या कायद्यात दोन्ही मिळून 'नेग्रो', आणि निवेदनात आईनं मुलाला तेच म्हटलेलं. आता इंग्रजीत नेग्रो लिहिण्याची सोय नाही, तिथे तो शब्द अपमानाचा. प्रेता 'ब्लॅक', नेग्रोही 'ब्लॅक'. पार्दाचं काय करायचं? मला आधी सुचलं ते 'गव्हाळ', स्थळांच्या जाहिरातीतलं, आणि माझं मलाच ओशाळं वाटलं. तिथे तो शब्द रंग सांगायला कमी आणि झाकायलाच जास्त वापरतात.

एका मुलाचे दोन रंग ही टायपिंगची चूक असेल म्हणून निवेदन पाठवणाऱ्या संस्थेमार्फत आईला विचारलं. तिचा आवाजी निरोप आला, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. मागे प्रेशर कुकरची शिट्टी. "शाळेचा अर्ज मी भरला होता. शवागारात मला कुणी विचारलं नाही."

मी दोन्ही शब्द मूळ पोर्तुगीजमध्येच ठेवले आणि चार ओळींची तळटीप लिहिली. इतकी घोटून लिहिलेली तळटीप गेल्या कित्येक वर्षांत माझ्या हातून झाली नव्हती.

परदेशातल्या संपादिकाबाईंनी ती काढली. शब्दमर्यादा, आणि सगळीकडे एकच शब्द हवा: 'ब्लॅक'. मी भांडले. त्यांचं उत्तर नम्र होतं आणि चुकीचं तर मुळीच नव्हतं. पार्दा लोकांनाही आपल्यात मोजावं म्हणून तिथल्या काळ्यांच्या चळवळीनं वर्षानुवर्षं झगडून 'नेग्रो' हा शब्द कमावला. आईनंही तोच निवडला. मग मी कोण पुन्हा फोड करणारी? पण दाखल्यावरचा शब्द तिनं निवडलेला नव्हता, आणि माझ्या इंग्रजीत आता दोघांचा शब्द एकच झाला होता.

अंतिम प्रतीत शाळेच्या अर्जावरही ब्लॅक, दाखल्यावरही ब्लॅक. मी सही करून पाठवलं. बिल वेळेवर चुकतं झालं, तळटीपेचे शब्द वजा करून.