व वाघाचा

मे महिना, दुपारचे तीन. बाहेर ४५ अंश. कूलर घरघरतोय आणि त्याच्यासमोर फरशीवर पालथी पडून नात वाघ रंगवते आहे. सुनेने बर्डीवरून चित्रांचे झेरॉक्स आणलेत. एक अक्षर, शेजारी एक प्राणी. प्राण्याच्या पोटात रंग भरला की अक्षर डोक्यात बसतं म्हणे. बसत असेल. मी वाकून पाहिलं तर चित्राखाली तिने स्वतःच्या हाताने नावही घातलं होतं: ‘वघ’.

“काना राहिला गं.”

“कागदावर तर व आहे न, आबा. व वाघाचा.”

आता हिला काय सांगणार? चूक तिची नव्हतीच.

आमच्या अंकलिपीत व वजनाचा होता. ब बदकाचा, म मगरीचा, स सशाचा, ह हरणाचा. वाघ कुठेच नव्हता, कारण मुळाक्षराला उघडा व लागतो आणि वाघ कान्याशिवाय पिंजऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. म्हणजे ससा, हरीण थाटात पहिल्या पानांवर, आणि वाघ बाराखडी येईपर्यंत ताटकळत उभा. जंगलात असं कधी होईल का? आणि तेही आमच्या नागपुरात! एका अंगाला पेंच, दुसऱ्या अंगाला ताडोबा, चौकाचौकात वाघांचे पुतळे आणि ‘व्याघ्र राजधानी’चे फलक. तरी मी म्हणतो, व वजनाचाच बरा.

अक्षरांना प्राणी पुरवणं हे एकूण कठीणच काम. ए एडक्याचा. एडका म्हणजे काय, हे आमच्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, “मेंढा रे.” मग मेंढाच का नाही म्हणत, हा प्रश्न मला आजही पडतो. ण पुढे तर सगळेच हात टेकतात. महाराष्ट्री प्राकृतात नगराचं ‘णअर’ व्हायचं, तेव्हाच्या पोरांना ण सोपा गेला असेल. आमच्या वाट्याला बाणाच्या शेपटीचा ण. त्या दृष्टीने हरीण मोठं उपकारी जनावर. तोंड ह ला देतं, शेपूट ण ला. ळ साठी कावळा शेपटीतून ळ काढून द्यायला तयार आहे, पण त्याला कुणी विचारत नाही. याउलट २००९ साली सरकारने वर्णमालेत घेतलेल्या ॲ आणि ऑ ची चैन आहे. ॲनाकोंडा आणि ऑक्टोपस, दोघेही आयते हजर. अंबाझरी तलावात दोघांपैकी एकही सापडायचा नाही, ते सोडा.

माझी रंगपेटी उंटाची होती. कॅमलिनच्या दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईचा धंदा काढला तो घोडा छापाने. उंट मागून आला. उ शिकायला मला ते झाकण पुरलं. पेटीत संत्रा रंगाचा खडू सगळ्यात आधी झिजायचा. संत्री, वाघ, मावळतीचा सूर्य, सगळा भार त्याच्या एकट्यावर.

एका रविवारी बाबांनी सायकलच्या दांडीवर बसवून महाराजबागेत नेलं. वाघ पाठ करून झोपला होता. अर्धा तास उभे राहिलो. त्याने एकदा कान हलवला, माशीसाठी. तो उग्र वास मात्र घरी येईपर्यंत नाकात होता. त्याच रात्री वहीत वाघ काढला, संत्रा रंग चोपडला आणि काळ्या खडूने कागदाच्या वरपासून खालपर्यंत सरळ रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “पट्टे असे असतात का? अंगाबाहेर गेलेत सगळे.”

“पट्टे नाहीत बाई, गज आहेत.”

बाईंनी वही शेजारच्या वर्गात नेऊन दाखवली. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. पुढे बरेच दिवस मी फक्त आंबे काढले.

त्यानंतर पेंचला तीनदा जाऊन आलो. पाऊलखुणा पाहिल्या, झाडाच्या खोडावरचे ओरखडे पाहिले, सांबराचा अलार्म कॉल ऐकला. वाघ नाही दिसला. म्हणजे आजवर मी पाहिलेला वाघ तो एवढाच, गजांमागचा, पाठमोरा.

“आबा, संत्रा संपला.” तिने बोटभर उरलेला तुकडा दाखवला. मग स्वतःच हिरवा उचलला आणि वाघाचे मागचे पाय हिरवेगार करून टाकले.

“हे काय?”

“तो गवतात लपून राहिला न.”

पाच मिनिटांनी ती तिथेच झोपली, गाल कागदावर ठेवून. मी कागद हळूच ओढून घेतला. शेपूट तेवढं कोरं राहिलं आहे. पिवळा खडू घेऊन बसलोय. हात थोडा कापतो हल्ली. रेघेबाहेर गेलंच तर कूलरच्या वाऱ्याने कागद हलला म्हणून सांगेन. कान्याचं उद्या बघू.