विसावी पुंगळी

५१ मिलिमीटर लांबीची एक पितळी वस्तू. ती शोधायला अकरा माणसं लागली, बॉम्बशोधक पथकाकडून उसनं आणलेलं एक मशीन लागलं, साडेतीन तास गेले आणि तरी ती सापडली नाही. २०१३ सालचा भाद्रपद होता. गणपती उठून चार-पाच दिवस झालेले, पितृपक्ष लागलेला, विसर्जनाच्या बंदोबस्तानंतर पोरांची झोप अजून भरून निघाली नव्हती. रेंजवर गुडघाभर गवत, मध्ये मध्ये तेरडा फुललेला, आणि अंजनेरीकडून अर्ध्या-अर्ध्या तासाने एक सर येऊन भिजवून जायची.

मी पोलिसांत आर्मरर, म्हणजे शस्त्रं सांभाळणारा, होतो, आता निवृत्त आहे. मुख्यालय कोणतं, रेंज कोणती, रायफल कोणत्या कंपनीची, हे लिहीत नाही. ते कळून वाचणाऱ्याला काही मिळणार नाही आणि माझी पेन्शन चालू आहे.

बाहेरच्यांना वाटतं फायरिंग म्हणजे गोळ्या झाडणं. आमच्याकडे फायरिंग म्हणजे हिशेब. सकाळी राऊंड, म्हणजे गोळ्या, मोजून घ्यायचे, सही करायची, संध्याकाळी तेवढ्याच पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या गोळ्यांची रिकामी पितळी टरफलं, मोजून जमा करायच्या. नियम वेडगळ नाही, हे आधीच सांगतो. झाडला म्हणून लिहिलेला राऊंड कुणाच्या खिशात जाऊ नये, म्हणून तो आहे. पण तो झाला तेव्हा हातात थ्री-नॉट-थ्री होती. तिचा बोल्ट तुम्ही हाताने मागे ओढता, रिकामी पुंगळी कोपराशी पडते, उचलून टोपीत टाकली की झालं.

नेमबाजाची सेमी-ऑटोमॅटिक रायफल असं काही करत नाही. आमची गॅसवर चालणारी होती. गोळी नळीतून पुढे जाते तेव्हा तिच्यामागच्या गॅसचा थोडा हिस्सा वळवून बोल्ट मागे ढकलला जातो. बोल्ट पुंगळी उपसून उजवीकडे भिरकावतो आणि परत येताना मॅगझिनमधला पुढचा राऊंड घेऊन येतो. एवढ्यात डोळा दुर्बिणीवरून हलत नाही, गाल दस्त्यावरून उठत नाही. पहिली गोळी चुकली किंवा समोर दुसरा माणूस उभा राहिला, तर चाप पुन्हा ओढायचा, बस.

ही रायफल पोलिसांना कशाला, असं आमच्यातलेच कितीतरी जण विचारतात. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी विमानतळावर जर्मन पोलिसांचे नेमबाज पाच होते आणि समोर अतिरेकी आठ. हातात साध्या जी-थ्री रायफली, त्यांना दुर्बिणी नाहीत, एकमेकांशी बोलायला वायरलेस नाही. ओलीस नऊ होते, नऊच्या नऊ गेले. त्या रात्रीनंतर हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीनं त्याच जी-थ्रीवरून पीएसजी-वन ही नेमबाजाची रायफल काढली. आठ किलोंची, सहापट दुर्बिणीची, साधी साइट मुळात नाहीच. आपल्याकडे एनएसजीकडे ती आहे. लष्कराची ड्रागुनोव्हही सेमी-ऑटोमॅटिकच, १९६३ सालची. आमची त्याच बिरादरीतली, ७.६२ मिलिमीटरची. जुने निशाणेबाज तिला नाक मुरडतात. हलणारे भाग जास्त, म्हणून बोल्टवाली अधिक नेमकी, असं म्हणतात. खरंही आहे. पण पोलिसाला हजार मीटरवर मारायचं नसतं. दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खालच्या चौकात मारायचं असतं, शंभर मीटरच्या आत, आणि त्या माणसाच्या दोन्ही बाजूंना बायका-पोरं असतात.

फक्त पितळ. ही जात पितळ लांब फेकते. पीएसजी-वन तर त्यासाठी बदनामच आहे. यावर उपाय साधा, पुंगळ्या झेलायची जाळी. मी तीनदा मागणी पाठवली. मग रविवार कारंजावरच्या एका शिंप्याकडून जुन्या मच्छरदाणीची पिशवी शिवून घेतली, तारेची कडी बसवली. झकास चालायची. राखीव निरीक्षक साहेबांनी पाहिली आणि काढायला लावली. शस्त्राला मंजूर नसलेली वस्तू लावायची नाही. साहेब वाईट नव्हते, पण कागदाबाहेरचं काही दिसलं की त्यांना घाम फुटायचा.

त्या दिवशी आमची नेमबाज होती सिन्नरकडची एक पोरगी. शिपाई, वय पंचविशीच्या आत. भरतीनंतर तिला सगळ्यांनी टायपिंगला बसवायचं ठरवलं होतं, रेंजवरच्या पहिल्याच दिवशी तिनं ते मोडीत काढलं. सिंहस्थाला दोन वर्षं होती आणि रामकुंडाभोवतीच्या गच्च्यांवर कुणाला बसवायचं याच्या याद्या तेव्हापासूनच चालू झाल्या होत्या. त्या यादीत जायला ही चाचणी होती. शंभर मीटर, २० राऊंड, एकच टार्गेट.

राऊंड घेताना तिनं दोन्ही पाकिटं उलटून पाहिली. दहा मागच्या सरावातले उरलेले, बुडावर ठोकलेलं साल २००९. दहा नव्या पेटीतले, २०१२.

"तात्या, हे दोन लॉटचे आहेत."

"आधी जुने संपवायचे, मग नवे. कोताचा नियम आहे." कोत म्हणजे आमचं शस्त्रागार.

"मग झिरो कोणत्या लॉटवर धरायचा?"

बरोबर विचारत होती. एका लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या राऊंडांची, दारू दुसऱ्या लॉटसारखी जळत नाही. साध्या रायफलीला त्यानं काही बिघडत नाही, पण नेमबाज ज्या लॉटवर रायफल झिरो करतो, म्हणजे दुर्बीण गोळी लागते त्या जागेशी जुळवून घेतो, तोच वापरतो, आणि लॉट बदलला की पुन्हा झिरो करतो. मला हे माहीत होतं. साहेबांना सांगायला जायला हवं होतं. मी म्हणालो, "चालतंय." तिनं वहीत लिहून ठेवलं, पहिलं मॅगझिन जुनं, दुसरं नवं.

फायरिंग वीस-बावीस मिनिटांत आटोपलं. टार्गेट आणलं. पहिल्या दहांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, एका लिंबाखाली झाकला जाईल एवढा. दुसऱ्या दहांचाही तेवढाच, पण चार सेंटीमीटर डावीकडे वर सरकलेला. दोन्ही मिळून मापलं तर चाचणीच्या मापात बसेना. साहेबांनी शेरा सांगितला, "श्वास सुटतो. मुलींचं होतं असं."

श्वासाची चूक अशी दिसत नाही. श्वास सुटला की भोकं वर-खाली लांबतात, माळेसारखी. हे दोन गोल, घट्ट ग्रुप होते. पण मी तोंड उघडायच्या आत मोजणारा हवालदार ओरडला, "एकोणीसच आहेत."

मग शोध. हाताला हात लावून रांगेत गवत तुडवलं. विळे आणून कापलं. मशीन आणलं तर ते दर पावलाला वाजायला लागलं, कारण त्या जमिनीत कित्येक पिढ्यांचं शिसं आणि पितळ मुरलेलं. तासाभरात थ्री-नॉट-थ्रीच्या सात जुन्या पुंगळ्या निघाल्या. हिरव्या पडलेल्या, काठ असलेल्या, एकीच्या बुडावर खडकीच्या कारखान्याचं केएफ अजून वाचता येत होतं. कुणाच्या हिशेबात त्या राहून गेल्या असतील देव जाणे. माझ्याबरोबरचा बागलाणातला शिपाई अहिराणीत जे बोलला ते लिहीत नाही.

मी वेगळं काहीतरी करत बसलो होतो. सापडलेल्या एकोणीस पुंगळ्या जिथे पडल्या होत्या तिथे मोजताना प्रत्येकीच्या जागी काडी रोवून घेतली होती, गवत तुडवायच्या आधीच. सवय आहे माझी. रायफल पितळ कुठे टाकते त्यावरून तिची तब्येत कळते. त्या काड्यांना टार्गेटवरची भोकं बुजवायच्या कागदी चिकट्या लावल्या, २००९ ला पांढरी, २०१२ ला तपकिरी. दहा पांढऱ्या रायफलीच्या उजवीकडे, किंचित मागे, चार पावलांत. नऊ तपकिरी उजवीकडे पण पुढे, आठ-नऊ पावलांवर. मधली जागा रिकामी. नव्या लॉटचा दाब जास्त, बोल्ट जोरात मागे येणार, पितळ लांब आणि पुढे जाणार. टार्गेटवर जे दोन ग्रुप होते तेच जमिनीवर पंख्यासारखे मांडलेले होते. बोल्टवाल्या रायफलीत हे कधीच कळलं नसतं, तिथे पुंगळी हाताच्या ताकदीवर पडते.

आर्मररच्या नोकरीत असे क्षण चार-पाच येतात. मी साहेबांना बोलावून दाखवलं. ते पाच मिनिटं पाहत उभे राहिले, समजलंही असावं. म्हणाले, "छान आहे. पण विसावी कुठे आहे?"

उजेड गेला. पुंगळी कमी म्हणून नोंद केली तर प्राथमिक चौकशी, रायफल सील, तिच्यावर, माझ्यावर, रेंजवरच्या प्रत्येकावर खुलासा. साहेबांची बढती जवळ आली होती. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या ड्रॉवरमध्ये काय काय असतं हो?"

प्रत्येक आर्मररच्या ड्रॉवरमध्ये एखादी सुटी पुंगळी असते. कुणी सांगत नाही, पण असते. एखाद्या सरावात गाडीच्या पायदानात अडकून आलेली, हिशेब मिटल्यावर सापडलेली. माझ्याकडे एक होती. ७.६२ चीच. बुडावर २००९.

रजिस्टरला साल कळत नाही, नग कळतात. मी ती टाकली. वीस झाल्या. पोतडीला दोरा बांधला, तिनं फायर करणारी म्हणून सही केली, साहेबांनी केली, मी केली. सगळे घरी गेले. वाटेत कुणीतरी मिसळ खायला थांबूया म्हणालं आणि आम्ही थांबलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी लॉटचा रिपोर्ट लिहायला बसलो. टार्गेट, काड्यांचा नकाशा, आणि पुरावा म्हणून पुंगळ्यांची पोतडी. रिपोर्टमध्ये लिहायचं होतं दहा जुन्या, दहा नव्या. पोतडीत होत्या अकरा जुन्या, नऊ नव्या. वरच्या एकानं जरी उलटून बुड वाचलं असतं, तरी माझी ड्रॉवरवाली पुंगळी पकडली गेली असती, आणि मग लॉटचं बाजूलाच राहिलं असतं. मी कागद फाडला. तिचा शेरा तसाच राहिला. यादीतून नाव गेलं, वर्षभरात रायफल दुसऱ्याच्या नावावर झाली. तो पोरगा ठीक होता, तिच्या निम्म्याने नव्हता.

आता विचार करताना मला साहेबांचा राग येत नाही, येत असेल तर त्या कोतातल्या नियमाचा येतो. त्याहून जास्त माझ्या 'चालतंय'चा. चौकशी झाली असती तर काय झालं असतं? वेतनवाढ अडकली असती, सहा महिने रायफल पेटीत पडली असती. पण कुणीतरी वही मागवली असती, टार्गेट मागवलं असतं. ते टार्गेट माझ्या कपाटावर गुंडाळून आहे अजून. बायको दर दिवाळीला विचारते, हे टाकू का.

२९ ऑगस्ट २०१५, पहिली पर्वणी. मला नाशिकच्या द्वारका चौकापाशी बॅरिकेडवर सामान पोचवायला पाठवलं होतं. बंदोबस्त इतका कडेकोट की भाविकांपेक्षा खाकीच जास्त दिसत होती. लोकांना मैलोन्मैल चालवत आणलेलं. म्हातारी माणसं रस्त्याच्या कडेला पाय चोळत बसलेली. २००३ च्या चेंगराचेंगरीची धास्ती सगळ्यांच्या मनात होती, त्यामुळे अति झालं. ती तिथे होती. हातात लाठी, गळ्यात शिट्टी.

"तात्या, चहा घेता का?"

घेतला. तिनं घरचं विचारलं, मी तिचं विचारलं. लग्न झालं होतं, मुलगा वर्षाचा होता. गच्च्यांकडे दोघांनीही पाहिलं नाही. चहाचा कप चुरगाळत ती म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी सही करताना मी पोतडीत बघितलं होतं. अकरा जुन्या होत्या."

मी काही बोललो नाही.

"माझ्या वहीत दहा आहेत," ती म्हणाली. तेवढ्यात एका वारकऱ्यासारख्या दिसणाऱ्या आजोबांनी रामकुंडाला कसं जायचं ते विचारलं, आणि ती त्यांचा हात धरून त्यांना बॅरिकेडच्या पलीकडे सोडायला गेली.