चाळकेवाडीचा वारा पुण्यातून सांगताना

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरच्या आमच्या पवनचक्क्यांतून उद्या किती वीज तयार होईल, हे पुण्यातल्या ऑफिसात बसून आज सांगायचं, हे माझं काम. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात. प्रत्येक ब्लॉकचे मेगावॅट आदल्या दिवशी ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राला, म्हणजे राज्यातली वीजनिर्मिती आणि मागणी जुळवणाऱ्या केंद्राला, कळवायचे. या यादीला शेड्यूल म्हणतात. राज्यात २०१८ च्या नियमांनी पवनचक्क्यांना हे बंधन आलं.

मला वाटायचं, खरी पंचाईत वारा पडला की होत असेल. पहिल्याच जूनमध्ये उलटं घडलं. हवामानाच्या मॉडेलनं वाऱ्याचा जोर दुपारी दोननंतर दाखवला होता, तो साडेदहालाच आला. आमची क्षमता ५० मेगावॅट. मी १२ लिहिले होते, स्क्रीनवर ३१ दिसत होते. क्षमतेच्या ३८ टक्के चूक! २०१८ च्या नियमांत १५ टक्क्यांपर्यंत चालायचं, त्यापुढे पैसे भरावे लागायचे. शेड्यूल दिवसातून १६ वेळा सुधारता यायचं, पण सुधारणा कळवल्यानंतरच्या चौथ्या ब्लॉकपासून लागू व्हायची. तोवर मी नुसती आकड्यांकडे बघत बसले. पोटात गोळा आला होता.

रात्री हिशेब केला तर दिवसभराची युनिटं जवळपास बरोबर निघाली. चुकली होती फक्त वेळ. पण ग्रिडवर, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्यावर, निर्मिती आणि मागणी त्या त्या क्षणी जुळावी लागते, नाहीतर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून सरकते. माझे जास्तीचे १९ मेगावॅट आले, म्हणजे कुणाला तरी आपल्या वीजसंचाची निर्मिती तेवढी खाली आणावी लागणार. कोळशाचा संच असा झटपट वरखाली होत नाही. कोयनेची पाण्यावरची वीज झटपट वरखाली होते, पण १,९६० मेगावॅटच्या त्या प्रकल्पाला विजेसाठी पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी सोडता येतं. मे संपताना, आमचा वारा नुकता उठू लागतो तेव्हा, ते वर्षाचं पाणी सरत आलेलं असतं, म्हणून तिच्यावरही नेहमी भिस्त ठेवता येत नाही. हा मेळ कुणी तरी रोज बसवतं, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं.

वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तरी वीज फार चुकते. सेकंदाला ६ मीटरऐवजी ८ मीटर वारा आला तर त्यातली ऊर्जा दुपटीहून जास्त होते.

मग सबस्टेशनवरच्या ऑपरेटर काकांना सकाळ-संध्याकाळ फोन करायला लागले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मॅडम, सहा मशीन बंद हायत कालपास्नं. तुमास्नी कुनी सांगितलं न्हाई?" नव्हतं सांगितलं! मी हवामानाला दोष देत होते आणि बंद मशीन, म्हणजे पवनचक्क्या, चालू धरून शेड्यूल पाठवत होते. कुठलं मॉडेल ते पकडणार? त्या दिवसापासून बंद मशीनचा तक्ता आधी भरते, हवामान नंतर उघडते. माझ्या चुका सगळ्यात जास्त कमी झाल्या त्या या तक्त्यानं, आणि नव्यानं रुजू झालेल्या प्रत्येकाला मी आधी तोच शिकवते.

जोर कधी चढेल, हे अजूनही चुकतं. ऑगस्टमध्ये एकदा पहाटे काकांचाच फोन आला, "वारं फिरलंय, ढग पार खाली आल्यात." मॉडेल शांत होतं. मी काकांचं ऐकून पुढचे ब्लॉक वाढवले. सातला वारा आला.