आमची वाटचाल: घोडीच्या चिकाचा फ्रीजर

कामठी रोडवर आमचं जनावरांच्या औषधाचं दुकान. आधी सगळं गायी-म्हशीचंच. ज्या शिंगराला आईचा चीक मिळत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या घोडीचा चीक साठवायचं खूळ माझ्या पार्टनरचं, तो संत्र्याच्या धंद्यातून आलेला, सोबत रिफ्रॅक्टोमीटर घेऊनच आला. संत्र्याची गोडी बघायचं यंत्र ते, पण काचेवर चिकाचा थेंब टाका, झाकण लावा, उजेडाकडं धरा, रेघ 23 च्या वर दिसली म्हणजे चीक कसदार, तर माल फ्रीजरमध्ये, नाहीतर परत, मग घोडी कोणाचीही असो. आणि तिचं स्वतःचं शिंगरू पिऊन झाल्यावरच पाव लिटर काढायचा, हा नियम आजही आहे.

मग आला समोरचा दुकानदार. नाव घेत नाही. गायीच्या चिकाची पावडर अर्ध्या भावात, वर म्हणे "एकच तं आहे". काय एकच? शिंगरू जन्मतं तेव्हा रक्तात अँटीबॉडी (रोगाशी लढणारी प्रथिनं) जवळपास नसतातच, वारेतून जातच नाहीत, जे मिळायचं ते आईच्या चिकातून, अन् आतडं ते घेतं पहिले 6-8 तास नीट, 24 तासांनी काहीच नाही. गायीच्या अँटीबॉडी शिंगराच्या रक्तात थोडेच दिवस टिकतात, हे त्याला कोण सांगणार. त्यात मे महिना, 45 डिग्री, ट्रान्सफॉर्मर जळाला. आम्ही भाड्याचा जनरेटर लावून माल उणे 20 वर राखला, तरी यानं बाजारभर केलं की आमचा माल वितळलेला आहे. गिऱ्हाईक गेलं, पार्टनर परत संत्र्यात गेला, फ्रीजर विकायला काढला, आइस्क्रीमवाला येऊन बघूनही गेला.

तेव्हा टिकले फक्त कामठीचे काकाजी, वरातीच्या घोड्या आहेत त्यांच्या. त्यांची घोडी व्यायच्या आधीच आठवडाभर गळत होती, म्हणजे चीक वाया. रात्री शिंगरू झालं तसे धावत आले. पॅकेट कोमट पाण्यात सोडलं (उकळतं पाणी नको, मायक्रोवेव्ह तर नकोच, अँटीबॉडी मरतात), शिंगरू चोखत होतं म्हणून बाटलीनं पाव-पाव लिटर तासातासानं, एकूण लिटरभर. दुसऱ्या दिवशी रक्तातला आयजीजी (चिकातून येणारी मुख्य अँटीबॉडी) 800 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर, म्हणजे पुरेसा! तो रिपोर्ट काकाजींनी लग्नसराईत प्रत्येक बँडवाल्याला दाखवला, अन् आइस्क्रीमवाल्याला मी नाही म्हणून कळवलं.

पुढची वर्षं काय, चालूच आहे.

बाकी घोडीवाल्यांनो, नाळ कापू नका राजेहो, आपोआप तुटते, 0.5 टक्के क्लोरहेक्सिडीनमध्ये (जंतुनाशक) बुडवा, कडक आयोडीननं कातडी जळते. धनुर्वाताची लस घोडीला व्यायच्या 4-6 आठवडे आधी. शिंगरू तासाभरात उभं राहिलं, दोन तासांत प्यायलं, तीन तासांत घोडीची वार पडली पाहिजे, नाहीतर डॉक्टर बोलवा, सकाळची वाट कशाला बघता.

समोरच्याचं म्हणाल तर मागच्या सीझनला त्याचाच पोट्टा मध्यरात्री दोन पॅकेट घेऊन गेला. पैसे अजून यायचेत.