परक्या देशात पहिली नोकरी आणि हमी देणारा माणूस

मुंबई, जानेवारी २०२६

माझी लेक आणि जावई गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात कायमस्वरूपी रहिवासाची परवानगी मिळवून कॅनडाला, टोरोंटोजवळच्या मिसिसागा शहरात राहायला गेले. जावयाचे काम संगणकाचे असल्यामुळे त्याची मुंबईची नोकरी तिथूनही काही काळ चालू राहिली आहे. लेक मात्र संरचना अभियंता आहे. अंधेरीतल्या एका सल्लागार कंपनीत तिने आठ वर्षे इमारतींच्या आराखड्यांवर काम केले, पण हा व्यवसाय असा आहे की जिथे बांधायचे तिथल्या नियमांशी तो जखडलेला असतो. तिच्या शिक्षणाला साजेशी नोकरी तिला अजून मिळालेली नाही. आज सकाळी तिच्याशी फोनवर बराच वेळ बोलणे झाले, आणि गेले काही महिने मनात साचत आलेले नीट लिहून काढावे असे वाटले.

काळ कठीण आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. २०२२ च्या जुलैमध्ये कॅनडातील बेरोजगारीचा दर ४.९ टक्क्यांपर्यंत खाली आला होता. गेल्या सप्टेंबरमध्ये तो ७.१ टक्के होता. मधल्या काळात देशाची लोकसंख्या ४ कोटींच्या पुढे गेली, घरे अपुरी पडू लागली, आणि सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढच्या वर्षासाठीचे कायमस्वरूपी रहिवाशांचे उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणले. त्यातच टोरोंटो परिसरात नव्या सदनिकांची विक्री मंदावली, आणि इमारतींचे नवे प्रकल्प थांबले की संरचना अभियंत्यांची भरतीही थांबते. तिच्या अर्जांना उत्तरे येत नाहीत यामागे हे सारे आहे, तिची योग्यता नव्हे. हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगते, कारण उत्तरच न येणे हे नकारापेक्षा जास्त पोखरते.

मला जे खरोखर टोचते ते वेगळेच आहे. ज्या योजनेतून तिची निवड झाली, तिच्या पात्रतेसाठी १०० पैकी किमान ६७ गुण लागतात आणि त्यांतले १५ गुण कामाच्या अनुभवाचे असतात. सहा वर्षे किंवा त्याहून अधिक अनुभव असला की ते पूर्ण मिळतात, तसे तिला मिळाले. पदवीची तपासणी झाली, इंग्रजीची परीक्षा झाली. सरकारने तिची आठ वर्षे मोजून घेतली आणि त्यांच्याच बळावर तिला प्रवेश दिला. पण विमानतळाच्या बाहेर पडल्यावर तीच आठ वर्षे कंपन्यांच्या लेखी जणू घडलीच नाहीत. ‘तुमचा कॅनडातला अनुभव किती?’ हा प्रश्न तिला पहिल्याच मुलाखतीत विचारला गेला. देशात येऊन जेमतेम महिना झालेल्या व्यक्तीने त्याचे काय उत्तर द्यावे?

मी स्वतः निवृत्त होईपर्यंत एका कारखान्याच्या कार्मिक विभागात होते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काय चालते ते मला माहीत आहे. दोन अर्ज सारख्याच तोलाचे असले, तर ज्या उमेदवाराच्या जुन्या साहेबांना फोन करून ‘माणूस कसा आहे?’ असे विचारता येते, त्याचा अर्ज वर येतो. नोकरी देणाऱ्याला कौशल्याइतकीच हमी हवी असते. नव्या देशात गेलेल्याजवळ कौशल्य असते, पैसेही थोडेफार असतात. त्याच्यासाठी शब्द टाकणारा माणूस मात्र नसतो. तिची अडचण मला याच ठिकाणी दिसते.

आमच्या या परळ-लालबागला हे नवे नाही. माझे सासरे संगमेश्वरकडून मुंबईला आले, ते गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहिले आणि गावच्याच एका जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, शब्दावर गिरणीत लागले. लागले म्हणजे आधी ‘बदली’ म्हणून. रोज सकाळी पाळीच्या वेळेला गिरणीच्या दारात उभे राहायचे, कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर त्या दिवसापुरते काम मिळायचे, नाहीतर परत खोलीवर. साच्याला, म्हणजे कापड विणण्याच्या यंत्रमागाला, त्यांनी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. तरीही त्यांना आत घेतले गेले, कारण त्यांच्या मागे कोणी तरी उभे होते. या व्यवस्थेचे गोडवे मात्र मला गायचे नाहीत. जॉबर काम मिळवून देण्याबद्दल दस्तुरी, म्हणजे पैसे, घेत असत, आपल्याच गावच्या आणि जातीच्या माणसांना पुढे करत असत, आणि विणकाम खात्यात तर दलित कामगारांना कित्येक दशके प्रवेशच नव्हता. ज्याचे कोणी नाही त्याला ही व्यवस्था बाहेरच ठेवते. मुंबईत तेच झाले आणि टोरोंटोतही सूट घातलेल्या माणसांकडून थोडेफार तेच होते आहे.

तिथल्या अनुभवाच्या मागणीत काहीच तथ्य नाही, असे मी म्हणत नाही. लेकीनेच मला हे समजावून सांगितले. इथे ती काँक्रीटच्या कामासाठी आयएस ४५६ ही भारतीय नियमांची संहिता वापरत असे, तिथे सीएसए ए२३.३ ही कॅनडाची संहिता वापरावी लागते. मुंबईतल्या छपरावर बर्फाचा भार कधी धरावा लागला नाही, तिथे तो धरल्याशिवाय आराखडाच पुढे सरकत नाही. जमीन गोठून फुगते म्हणून पायाही साधारण १.२ मीटर खोल न्यावा लागतो. हे सगळे शिकावेच लागते आणि ती ते शिकते आहे. परंतु ही काही महिन्यांच्या अभ्यासाची गोष्ट आहे. भाराखाली तुळई वाकते ती दोन्ही देशांत एकाच नियमाने वाकते, आणि ते गणित तिला येते.

तिथल्या शासनालाही हे कळलेले दिसते. टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोच्या मानवाधिकार आयोगाने कॅनडातल्या अनुभवाची सरसकट अट हा सकृतदर्शनी भेदभाव ठरतो, असे धोरण २०१३ मध्येच जाहीर केले. अभियंत्यांना परवाना देणाऱ्या त्या प्रांतातील संस्थेने मे २०२३ मध्ये वर्षभराच्या कॅनडातील अनुभवाची अट काढून टाकली. एकूण ४८ महिन्यांच्या अनुभवाची अट राहिली, पण तो कुठल्याही देशातला चालतो. आणि या १ जानेवारीपासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना नोकरीच्या जाहिरातीत अशी अट घालण्यास बंदी आली आहे. मला याचा मनापासून आनंद आहे. तरी इतकी वर्षे अर्ज चाळल्यामुळे हेही ठाऊक आहे की जाहिरातीतून पुसलेली अट निवड करणाऱ्याच्या मनातून लगेच पुसली जात नाही.

सध्या लेक आठवड्यातले चार दिवस एका किराणा मालाच्या मोठ्या दुकानात काम करते. ऑन्टारियोतले किमान वेतन ताशी १७.६० डॉलर आहे. आमच्या नात्यातले लोक लगेच त्याचे रुपये करतात आणि ‘तासाला हजाराच्या वर!’ म्हणून थक्क होतात. घरभाडे आणि किराणाही डॉलरमध्येच द्यायचा असतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरे काही जण आवाज खाली आणून ‘इंजिनिअर होऊन हे काम?’ असे विचारतात. त्यांना मी स्पष्ट सांगते की त्या कामाने तिचे भाडे भागते, रोज चार माणसांशी तिथल्या बोलीत बोलणे होते, आणि माझ्या सासऱ्यांच्या बदलीपेक्षा ते तसूभरही कमी नाही. काळजी एवढीच आहे की दुकानाच्या पाळ्या करून थकलेल्या माणसाला संध्याकाळी संहिता उघडण्याचे बळ राहत नाही, आणि अशी वर्षे एकामागून एक जाऊ शकतात.

म्हणून दोन गोष्टींचा मला आधार वाटतो. नवागतांसाठी सरकारी खर्चाने चालणाऱ्या एका केंद्रात तिला रोजगार सल्लागार मिळाल्या आहेत. त्यांनी तिच्या माहितीपत्रकातून फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचे नाव हे सगळे काढायला लावले आणि प्रत्येक प्रकल्पात तिने स्वतः काय ठरवले, ते लिहायला लावले. दुसरे म्हणजे, ट्रायेक ही टोरोंटोतील संस्था नवागताला त्याच्याच व्यवसायातल्या स्थानिक व्यक्तीशी जोडून देते. तिथून तिला एक ज्येष्ठ अभियंता मार्गदर्शक म्हणून लाभले आहेत. ते नोकरी देऊ शकत नाहीत, पण तिचे आराखडे बारकाईने पाहतात, आणि मागच्या आठवड्यात त्यांनी आपण होऊन तिचे नाव एका परिचिताला कळवले.

त्या परिचिताच्या लहानशा कार्यालयात रेखाटन तंत्रज्ञाची जागा आहे. पद तिच्या इथल्या पदापेक्षा दोन पायऱ्या खालचे आणि पगारही बेताचा. ‘आई, जाऊ का?’ असे तिने आज विचारले. मी जा म्हटले. मात्र पगाराच्या आधी एक गोष्ट नीट विचारून घे, असे सांगितले: तिची रेखाटने तपासणारा अभियंता परवानाधारक आहे का, आणि पुढे परवान्यासाठी किंवा दुसऱ्या नोकरीसाठी तिच्या कामाबद्दल तो आपल्या नावानिशी लिहून देईल का. मुलाखत गुरुवारी आहे.